आईनेच उघडायचं पाकीट

प्रिय आई, प्रभूमध्ये सलाम.

पाकिटावर ताईसाठी लिहिलंय, आईच्या डोळ्यांची पट्टी सुटेपर्यंत उघडायचं नाही, वाचून दाखवायचं तर नाहीच. चिडली असेल. थेंब वेळेवर घालत होती ना? तुला सोपं जावं म्हणून अक्षरं मोठी काढलीत, हसू नकोस.

मी मजेत आहे. लॉन्ड्रीत चादरी धुतो. हात जरा सोलवटलेत, एवढंच. मशीनचा आवाज इतका, की मी प्रार्थनाही ओरडूनच करतो, तू करतेस तशी, आकाशातल्या बापाशी हक्काने भांडत. काल वीज गेली, मशीन थांबली आणि माझं "बापा, माझ्या आईला दिसू दे!" सगळ्यांनी ऐकलं. मुकादम म्हणाला, "तुझा बाप बहिरा आहे का रे?"

मी म्हटलं, "नाही हो, मीच घाबरट आहे."

आता नाही घाबरत. म्हणून तर हे तुझ्याच डोळ्यांनी वाचायला लिहिलं.

जेवताना मात्र अजून डोळे मिटून तुझ्या 'आमेन'ची वाट बघतो. इथे कुणी म्हणत नाही, ताट गार होतं.

वाचतेयस ना, आई? मग मोठ्याने आमेन म्हण. मी जेवायला बसतो.

तुझाच,
धाकटा