विधवांचं मत

एडिसन, न्यू जर्सी
५ नोव्हेंबर २००८

चि. सौ. रत्ना,

अनेक आशीर्वाद. नवऱ्याने बायकोला असं लिहिलेलं तुला आवडत नाही, माहितीये. आईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं, असं तुझा भाऊ प्रताप म्हणाला. त्यांना नमस्कार. इथे थंडी पडलीय. तुझी तुळस बाहेरच राहिली, करपली.

काल इथे मतदान झालं. ऑफिसात सगळे शर्टाला स्टिकर लावून फिरत होते. आपण पडलो पाहुणे. मला तुझ्या त्या विधवा आठवल्या.

गणपतीत मंडळात काय बोललीस गं तू! म्हणे १८०४च्या राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत या राज्यात मालमत्ता असलेल्या बायकाही मत द्यायच्या. पण फक्त अविवाहित आणि विधवा. लग्न झालं की मालमत्ता नवऱ्याची, मत गेलं. आणि १८०८ येईपर्यंत कायदा बदलून सगळ्याच बायकांना घरी बसवलं. इथवर ठीक होतं. मग माईकवरून म्हणालीस, "म्हणजे मत हवं तर नवरा मरायला हवा. परीक्षित, काळजी घे रे!"

शंभर माणसं खदाखदा हसली. माझा मॅनेजर श्रीराम अजून विचारतो, "काय यार, तब्येत बरी ना?" तेव्हा मीही हसलो. घरी आल्यावरही हसलो. पण मला फार लागलं, रत्ना. तू एकदाही विचारलं नाहीस.

बरं, लायब्ररीतल्या बाईंचा फोन होता, डिसेंबरातल्या तुझ्या भाषणाबद्दल. चार वर्षं बसून जुन्या मतदार याद्या वहीत उतरवल्यास, त्याचं त्यांना केवढं कौतुक! मी सांगितलं, ती येणार नाही, कॅन्सल करा.

आता हे पाकीट. जाड लागलं म्हणून तुझा जीव भांड्यात पडला असेल. सतरा तारखेला इकडे परत यायच्या तुझ्या व्हिसाच्या इंटरव्ह्यूला माझ्या व्हिसाची अप्रूव्हल नोटीस, नोकरीचं पत्र, पे-स्लिप्स हवेत, आणि तीन आठवडे मी "उद्या कुरिअर करतो" म्हणतोय. ते कागद माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत. तिथेच राहतील. लग्न झालेल्या बाईचं सगळं नवऱ्याच्या नावावर, हे तूच शिकवलंस. तुझा व्हिसाही.

यात आहेत ती तुझ्या वहीची पानं. फाडताना एकदोन विधवा मधोमध फाटल्या, माफ कर.

आईंजवळच राहा. त्यांच्या डोळ्यात थेंब वेळेवर घाल. माझी चिंता नको. तू सांगितलंस तशी मी काळजी घेतोय.

तुझा, अजून जिवंत,
परीक्षित