ताईच्या राजीनाम्याची प्रत

प्रति,
मा. आस्थापना अधिकारी,
रुग्णालय लॉन्ड्री विभाग, दुसरा मजला.

विषय : थोरल्या बहिणीच्या राजीनाम्याची प्रत गुरुवारपूर्वी मिळणेबाबत.
संदर्भ : यापूर्वीचे दोन अर्ज. उत्तर नाही.

महोदय,

माझी थोरली बहीण आपल्या लॉन्ड्रीत एकोणीस वर्षे चादरी इस्त्री करण्याच्या रोलरवर होती. फेब्रुवारीत तिचा उजवा हात रोलरमध्ये सापडून कोपरापर्यंत भाजला. बरी होईपर्यंत घरी थांब, असे मुकादमांनी तोंडी सांगितले. अडीच महिन्यांनी ती कामावर गेली असता, तिने स्वतःहून राजीनामा दिल्याचे तिला फाटकावर कळले. त्यावर अपघातानंतरच्या चौथ्या दिवसाची तारीख व तिची सही आहे, असे आपले लिपिक सांगतात. त्या दिवशी ती आपल्याच रुग्णालयात दाखल होती व पाण्याचा पेलासुद्धा मी तिच्या तोंडाशी धरत होते.

कामगारांचे खटले चालवणाऱ्या वकीलबाईंनी येत्या गुरुवारी आम्हांस प्रथमच अर्धा तास दिला आहे. नेमणूकपत्र, हजेरीचा उतारा व राजीनामा आणा, घडले ते तारीखवार लिहून आणा, असा त्यांचा निरोप आहे. तारखा मी लिहिल्या. एकोणीस वर्षे एका पानात आटोपली. नेमणूकपत्र नावातील दुरुस्तीसाठी आपणांकडेच जमा आहे.

प्रतीसाठी आपल्या खिडकीवर तीन खेपा झाल्या. प्रत फक्त सेवेतील कर्मचाऱ्यास मिळते, असे सांगण्यात आले. बहीण सेवेत नाही, कारण तिने राजीनामा दिला. तो दाखवा म्हटले, तर ती सेवेत नाही. यावर लिपिकांनी स्वतःही थोडा वेळ विचार केला आणि जेवणाची सुट्टी झाल्याचे कळवले.

बहिणीने आता हाय खाल्ली आहे. काल डाव्या हाताने केस विंचरता विंचरता तिने मला विचारले, "औषधाच्या गुंगीत मीच सही केली असेन का गं?" मी तिच्या हातातून कंगवा घेतला व तिची वेणी घातली.

तरी प्रत देणे नियमात बसत नसल्यास, तो कागद तिला खिडकीच्या काचेआडून एकदा दाखवावा, इतकीच विनंती. अक्षर तिचे निघाले, तर आम्ही गुरुवारी जाणार नाही.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
अर्जदार (धाकटी बहीण)
सोमवार, सकाळी

सोबत : डिस्चार्ज कार्डाची प्रत (दाखल झाल्याच्या तारखेचा रकाना कोरा आहे).