पाइपचं उघडं टोक

मोशी,
२ मार्च २०२५

ती. आप्पांना,
स्वप्नालीचा नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. आईचा गुडघा आता कसा आहे? फोन असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. आत्याच्या घरात फोन स्पीकरवरच असतो, म्हणून.

आकुर्डीला कॉलेजात आम्ही शेल बनवतोय. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप केला की शेल तो वाचतो, दुसऱ्या प्रोग्रामला कामाला लावतो आणि त्याचं काम होईपर्यंत थांबतो. साधे हुकूम चालले. मग दोन हुकूम पाइपने जोडले, एकाने लिहायचं नि दुसऱ्याने वाचायचं, तर सगळं जागच्या जागी गोठलं. कितीतरी दिवस तेच.

"लग्नानंतर कुठं लागतंय हे," आत्या म्हणते आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढते. मी खाते.

परवा आत्याचा सुजित चाकणहून शिफ्ट संपवून आला आणि शेजारी टेकला.

"अडकलंय का?"

"वाचणारा थांबलाय. लिहिणारा केव्हाच संपला. पण पाइपचं लिहायचं टोक माझ्या शेलनेच उघडं ठेवलंय. वाचणाऱ्याला वाटतं, अजून काहीतरी येईल."

"मग बंद कर की."

केलं. लगेच उत्तर आलं. मी एवढी हसले! तो हसला नाही. स्वयंपाकघराकडे बघत हळूच म्हणाला, "स्वप्ना, मला नाही करायचं गं हे लग्न. तू मला बहिणीसारखी. पण मी बोललो तर आई अन्न सोडेल. तूच नाही म्हण ना."

"मी म्हटलं तर आप्पांचा शब्द जाईल."

आत आत्या फोनवर साखरपुड्याच्या साडीचा रंग ठरवत होती.

आप्पा, तो शब्द तुम्ही मला न विचारता दिलात. आत्याने मला लेकीसारखं ठेवलं, म्हणून तर जीभ उचलत नाही. पण मला हे लग्न करायचं नाही. शनिवारी मी आत्याला सांगणार आहे, सुजितचं नाव न घेता. तोवर पत्र पोचेल. नाही पोचलं तरी सांगणार. त्यानंतर या घरात मला जागा असेल की नाही, माहीत नाही. तिचा फोन आला की माझ्यावर खुशाल चिडा, पण माझ्या वतीने पुन्हा 'हो' म्हणू नका.

दरवेळी खाली 'आपली आज्ञाधारक' लिहिते. आज हात थांबला.

तरीही तुमचीच,
स्वप्नाली