सईचा पियानो, माझं व्हायोलिन आणि एक कॅटलान गाणं

शनि., ८ मार्च
नाव घातलं! मी व्हायोलिन, सई पियानो. इथं जर्मनीत, कार्ल्सरूहेच्या मुझीकशूलमध्ये, म्हणजे संगीतशाळेत, मे महिन्यात स्पॅनिश-कॅटलान संगीताची संध्याकाळ आहे, पालक आणि मुलांनी जोडीनं वाजवायचं. सोळा वर्षांची मुलगी आईबरोबर स्टेजवर यायला तयार झाली, म्हणजे अर्धी लढाई जिंकलेच की! अट एकच, "आबर नूर आइनमाल, आई." एकदाच. बघू.

बुध., १२ मार्च
वाजवायला दोन रचना मिळाल्या. एक स्पॅनिश नाच, पाय आपोआप हलायला लागतात. दुसरं कॅटलान लोकगीत, संथ. पहिल्याच ओळीला अंगावर काटा आला. पुण्यात सरांपुढे मांडी घालून शिकले, उभ्यानं वाजवताना अजून कसंतरीच होतं. सईला हसू येतं. येऊ दे.

रवि., २३ मार्च
भांडण. लोकगीताची पहिली ओळ अशी काही लागली की मी ती परत घेतली. सवयच ती. मुखडा रंगला की पुन्हा घ्यायचा, साथीदार येतोच मागोमाग. पण सई तोवर पुढच्या ओळीवर. पियानोचं झाकण धाडकन बंद.
"दास श्टेट दा निश्त!"
तसं लिहिलेलंच नाहीये म्हणे. वर आणखी, मी तुझी तबलजी नाही. तेही जर्मनमध्ये. फार लागलं. खरं होतं म्हणून जास्तच.

शनि., २९ मार्च
निखिलला विचारलं, मी पोरीला साथीला बसवते का रे?
"गेनाऊ, अगदी बरोबर. मला तर लग्न झाल्यापासून बसवलंयस."
नवऱ्याला विचारायलाच नको होतं.

रवि., १३ एप्रिल
आज पहिल्यांदा पियानोच्या स्वरलिपीचे कागद नीट वाचले. लाज वाटली. नाचात मधे चाल पियानोकडेच आहे, मी नुसत्या तारा छेडायच्या! आणि इतके दिवस तिथंही मीच जोरात. आज गप्प राहिले, तिला पुढे जाऊ दिलं. काय वाजवते कार्टी! डावा हात तर असला दणदणीत... माझ्याकडे न बघता म्हणाली, "बेसर." बरं होतंय. मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच नाचले.

शनि., १७ मे
लढाई जिंकलो!!
नाच झकास. टाळ्या थांबेचनात. मग लोकगीत. मी शहाण्यासारखी कागदावर नजर ठेवून, एक सूर इकडचा तिकडे नाही. शेवटची ओळ आली, संपणार, आणि सईनं शेवटचे सूर दाबलेच नाहीत. मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि पियानोवर पुन्हा सुरुवात धरली. कागदावर नसलेली! मी? मी काय, उडीच मारली. पहिली ओळ परत घेतली, या वेळी अगदी हळू, ती बरोबर, मी बरोबर. कोण कुणाच्या साथीला, कुणाला ठाऊक.
खाली उतरताना तिच्या कानात म्हटलं, असं लिहिलेलं नव्हतं हं. लाल झाली. निखिल पहिल्या रांगेत रडत होता, आता सर्दी झालीय म्हणतो.

रवि., १८ मे
मुझीकशूलच्या बाईंचा फोन. उन्हाळ्याच्या कार्यक्रमात याच जोडीला वाजवायला सांगताहेत. मी लगेच हो म्हणणार होते, जीभ चावली. सईला विचारून सांगते म्हटलं.
सईला विचारलं. ब्रेडला लोणी लावत होती. लावतच राहिली. "विचार करते" एवढंच, आणि ताटली घेऊन खोलीत गेली.
नाही म्हणाली तरी कालची संध्याकाळ माझी आहे, ती कोण नेतंय, असं लिहून वही मिटणार होते. पण खोटं कशाला लिहू? मला तिच्याबरोबर अजून वाजवायचंय. खूप.