भाताचा डबा

अंबाजोगाई,
रविवार

प्रिय विजू,

पत्र बघून घाबरू नकोस, माझी तब्येत ठणठणीत आहे. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. मी जरा मुद्द्यावर आले की "ठेवते गं, आदिनाथ आला" म्हणतेस. म्हणून पेन हातात घेतलं. चौतीस वर्षं वॉर्डात सिस्टर म्हणून तक्ते भरून माझं अक्षर डॉक्टरांच्या वळणावर गेलंय, तेवढं सांभाळून घे. काम एकच आहे. मला भाताचा डबा परत हवा आहे. आपल्या कोळशाच्या कुकरातला, खालून दुसरा. तीन आठवड्यांपूर्वी तूच बोलून गेलीस की तो अजून तुझ्या पलंगाखाली आहे, आणि लगेच विषय बदललास. मी काही तो सोडलेला नाही.

त्याच फोनवर तू आणखी एक म्हणालीस: "सईदा, मला आता घरात गॅसला हात लावायची मनाई हाय." एकदा दूध उतू गेलं, गॅस विझला, वास सुटला आणि सून घाबरली. मला तिचा राग नाही, घाबरण्यासारखंच होतं ते. मग तुझ्या लेकानं, आदिनाथनं, सगळं स्वयंपाकघर नवं केलं. ओढले की बाहेर येणारे खण, कोपऱ्यात फिरणारी चाकं, काचेची शेगडी. आणि त्या काचेवर तुझं बोट उमटत नाही म्हणालीस, दहादा दाबलं तरी ती पेटत नाही. अगं, आपल्या वयात बोटं कोरडी पडतात, माझीही पडलीत, त्यात तुझा काय दोष? पण सकाळी पाचला उठणारी तू साडेआठपर्यंत चहासाठी सुनेची वाट बघत बसतेस, हे ऐकल्यापासून मला स्वतःचा चहा गोड लागेना.

त्या दिवसापासून मी माझ्या घरात जागा करायला लागले आहे. तू हे घर पाहिलेलं नाहीस. पुढे एक खोली, मागे सहा बाय सातचं स्वयंपाकघर, झालं. भांडी मावत नाहीत म्हणून पुढच्या खोलीत लोखंडी मांडणी ठेवलेली होती. ती मी काढायची ठरवली. मोठा मिक्सर शेजारच्या वत्सलाबाईंना देऊन टाकला आणि माळ्यावरून अम्मीचा जुना काढला. त्याची तिन्ही भांडी एकात एक बसतात आणि वायर बुडाशी गुंडाळून ठेवता येते. वीतभर जागेत अख्खं यंत्र! मग अब्बांचा पितळी स्टो काढला. त्याचे पाय पिळून सुटे होतात, सगळा स्टो पत्र्याच्या डबीत जातो आणि डबीचं झाकण उभं केलं की तोच वाऱ्याला आडोसा. भिंतीला बिजागऱ्या लावून फळी ठोकून घेतली. खाली पाडली की ओटा, वर उचलली की भिंत. ज्यानं कुणी पहिल्यांदा या वस्तू केल्या असतील, तो नक्की लहान खोलीत, मोठ्या कुटुंबात राहिला असणार. फराज पुण्याहून व्हिडिओवर बघून म्हणाला, अम्मी, हे काय भंगार मांडलंस? मी म्हटलं, तुझ्या तीन खोल्यांत पाहुणा आला की तुम्ही त्याला सोफ्यावर झोपवता, मला शिकवू नकोस.

मांडणी परवा गेली. खिडकीखालची भिंत मोकळी झाली. टेपने मोजली, साडेसहा फूट भरली. राहिला फक्त कुकर.

आठवतो ना तुला तो? मी नर्सिंगच्या ट्रेनिंगला निघाले तेव्हा अब्बांनी बीडच्या भंगारातून आणून ठाकठीक केला होता. बाहेर पिंप, आत एका दांडीला चार डबे, तळाशी निखाऱ्यांची थाळी. डाळ खाली, तिच्यावर भात, मग भाजी, सगळ्यात वर बटाटे नाहीतर शेंगदाणे. सकाळी सहाला सहा-सात निखारे घालून पाणी ओतायचं, ड्युटीला जायचं, दुपारी येऊन गरम जेवायचं. अब्बा म्हणाले होते, "बेटी, बीच में खोलना नई. खोले तो सब कच्चा रहता." आणि पहिल्याच आठवड्यात तू कोळसा पेटलाय का ते बघायला दोनदा उघडलास! त्या दिवशी आपण दोघींनी गूळ-शेंगदाणे खाऊन दुपारची ड्युटी केली आणि मी तुझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. आपल्या दोघींची आठ बाय दहाची खोली, दोन खाटा, एक कुकर. तू माळकरी घरातली, तर मी अडीच वर्षांत त्या डब्यांना मटणाचा वासही लागू दिला नाही. अम्मीनं ईदला पाठवलेला खिमा मी पलीकडच्या खोलीत आरजूकडे जाऊन खात होते. तू कधी मागितलं नव्हतंस, मी कधी बोलून दाखवलं नव्हतं. पण तुला ते माहीत होतं, विजू.

म्हणूनच तो दिवस मला अजून खुपतो. तुझे आबा, सुंदरराव, नारायणगडावरून थेट आले होते, कपाळाला बुक्का, हातात प्रसाद. जेवायची वेळ होती, मी वाढलं. भात त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतला, वर "लई मोकळा झालाय पोरी" म्हणाले. मग त्यांचं लक्ष कुकराकडे गेलं आणि त्यांनी विचारलं, "दोघींचं एकातच शिजतंय व्हय?" तू म्हणालीस, "होय आबा." आणि गप्प बसलीस. माणूस वाईट नव्हता, मला एक शब्द बोलले नाहीत. हात धुतला आणि उठले. पण एक वाक्य तू बोलायला हवं होतंस. ही पोरगी माझ्यासाठी यात मटण शिजवत नाही, एवढंच. कदाचित त्यांनी तरीही तुला नेलंच असतं, स्थळ ठरवूनच आले होते ते. तरी ते तू बोलायला हवं होतंस.

दुसऱ्या दिवशी जीप आली आणि तुझी ट्रंक गेली. परीक्षेला चार महिने उरले होते. दुपारी मी कुकर लावायला घेतला तर भाताचा डबा नाही. मला वाटलं, तू तुझा डबा माझ्या डब्यांतून वेगळा करून नेलास. किती वर्षं वाटत राहिलं! तुझे मालक गेले तेव्हा तूच फोन केलास, मग दर आठवड्याला बोलू लागलो. पण हे मी कधी विचारलं नाही. भीती वाटत होती तुझ्या उत्तराची, दुसरं काय.

आणि तीन आठवड्यांपूर्वी तू सहज म्हणालीस, जुनं स्वयंपाकघर काढताना सगळं भंगारात गेलं, तेवढा एक डबा मी लपवून ठेवला. मी विचारलं, नेलास कशाला होतास? तर तू म्हणालीस, "तुझ्या कुकरात दुसऱ्या कुणाचा भात शिजू नये म्हणून आणलता." मी हसले आणि मग मला रडू आलं. तुला ते ऐकू आलं म्हणूनच तू आदिनाथ आल्याचं सांगून फोन ठेवलास, मला काय कळत नाही? बाई, एवढं सांगायला चाळीस वर्षं लावलीस! आणि घे, तुझ्या मनासारखंच झालंय. तो डबा नसला की वरचे दोन दांडीवर खुळखुळतात, कडी बसत नाही, वाफ निघून जाते. चाळीस वर्षं त्या पिंपात मी सुक्या मिरच्या ठेवते आहे.

मिरच्या काढल्या, पिंप घासलं आणि पाशाभाईंच्या पत्र्याच्या डबे-भांड्यांच्या दुकानात नेलं. अब्बांच्याच हाताखाली शिकलेले ते, आता सत्तरीला आले. त्यांनी थाळीची चीर झाळून दिली आणि म्हणाले, "आपा, कावून जुन्या डब्यासाठी अडून बसल्या? नवा ठोकून देतो ना, दोन तासांचं काम." मी नको म्हटलं. ते पुन्हा म्हणाले, मी पुन्हा नको म्हटलं. शेवटी त्यांनी दांडी पुसून कुकर माझ्या हातात दिला आणि आतून चहा मागवला.

आता नीट ऐक. खिडकीखालच्या साडेसहा फुटांत खाट घातली आहे. गादी परवा भरून आली. ही सगळी जागा मी त्यासाठीच वाचवत होते. पंधरा दिवस राहा नाहीतर पंधरा वर्षं, तुझं तू ठरव. इथे काडी ओढून पेटतो तो स्टो आहे, तुझं बोट त्याला चांगलं कळेल. दूध उतू गेलं तर मी पुसेन. मी शुक्रवारी सकाळच्या गाडीने बीडला येते आहे. डबा कुणाच्या हाती पाठवायचा नाही. आदिनाथला समजवायला मी समर्थ आहे, वॉर्डातले नातेवाईक याहून अवघड होते. पण मी त्याच्याशी बोलणार नाही. "मी सईदाकडे राहायला चालले" हे एक वाक्य या वेळी तू बोलायचं. मी दारात उभी राहून ऐकणार आहे. मग पिशव्या मी उचलते, डबा तू घे.

तुझीच, अजून तशीच हट्टी,
सईदा