वाळूबरोबर आलेला काटा

नाना, त्या सोमवारी सकाळी मी आईच्या तळपायातले काटे काढत होतो. अंगणात ऊन आलं होतं. ती तुळशीपाशी पायरीवर बसलेली, तिचा पाय माझ्या मांडीवर, आणि मी चष्मा लावून चिमट्यानं एकेक काटा ओढतोय. हे काटे सरळ निघत नाहीत. आत जाताना सुईसारखे जातात आणि बाहेर येताना कातडीला धरून येतात. प्रत्येक काट्यासरशी टाचेचं कातडं वर उचललं जाई आणि मी तिच्या तोंडाकडे बघे. ती मात्र शेजारणीच्या सुनेचं काहीतरी सांगत होती. मधेच म्हणाली, "काय करलालास रे इतका वेळ? झालं का न्हाई?" मी विचारलं, "दुखंना का?" तर म्हणाली, "दुखाया काय झालंय? मुंगी चावल्यावानी बी न्हाई." तिच्या पावलांना आता काही कळत नाही, नाना. साखरेनं ती जाणीव नेली. गेल्या वर्षी डाव्या पायाची करंगळी काढावी लागली, तेव्हा डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं, की आता साधी जखम जरी चिघळली तरी पाऊल वाचेल असं मी म्हणणार नाही. अनवाणी चालू देऊ नका, काटाकुटा लागू देऊ नका. आणि त्याच पायाच्या टाचेत तुळशीशेजारच्या कुंडीतल्या तुमच्या झाडाचा अख्खा तुकडा रुतून बसला होता. कधीपासून, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

तुम्ही रामेश्वरहून आलात तो दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. उदगीरच्या अडतीवर तुम्ही मापाडी होतात, दिवसभर तूर-हरभऱ्याची मापं टाकून तुमचा आवाज बसलेला असायचा, आणि त्या वर्षी अडतीवरची चार माणसं यात्रेच्या गाडीनं निघाली म्हणून तुम्हीही निघालात. परत आलात ते काळे पडून, आणि जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेली वाळू घेऊन. रामेश्वरची वाळू काशीला न्यायची, म्हणजे यात्रा पुरी होते, असं तुम्ही आम्हाला समजावून सांगताय. आई हौदापाशी तुमचं गाठोडं सोडतेय, आणि एकदम ओरडते. फडक्याला बाहेरून अंगठ्याएवढं हिरवं काहीतरी चिकटलंय आणि ते आता तिच्या मनगटाला चिकटलंय. मी धावलो आणि ते झटकायला हात उचलला, तर तुम्ही असे खेकसलात की माझा हात तिथंच राहिला. "झटकू नको! झटकलं की तुझ्या हाताला बसंल. फणी आण." मी देवळीतली लाकडी फणी आणली. तुम्ही तिचे दात तुकड्याच्या आणि कातडीच्या मधे अलगद घातले आणि एका झटक्यात तो तुकडा बाजूला उडवला. मग उकिडवे बसून त्याच्याकडे बघत राहिलात. "बग की," तुम्ही आईला म्हणालात, "रामेश्वरापास्नं आलंय माझ्या मागं. तिकीट न्हाई का पास न्हाई." आई मनगट चोळत म्हणाली, "चिकटाया बी तुमीच घावले व्हय त्येला?" "मग? तू न्हाई चिकटलीस?" तुम्ही म्हणालात, आणि ती हसली. तुम्ही दोघं माझ्यासमोर असं बोललेलं मला फारसं आठवत नाही, म्हणून हे जपून ठेवलंय.

आपण होऊन आलेलं टाकायचं नाही, असं तुमचं म्हणणं. तेलाचा डबा कापून तुम्ही त्यात ती वाळू ओतलीत, काशीला जाईपर्यंत राहील म्हणून, आणि तो तुकडा नुसता वर ठेवून दिलात. पुरलाही नाहीत. डबा तुळशीशेजारी ठेवला, कारण वाळू देवाची. काशीला जाणं राहिलं ते राहिलंच. तुकड्यानं मात्र मूळ धरलं. तुम्ही गेल्यावर, गावचं घर बंद करून आईला मी नांदेडला आणलं, तेव्हा तिनं दोन गोष्टी मांडीवर घेऊन प्रवास केला: देवांची पेटी आणि तो डबा. इथंही तिनं तो तुळशीशेजारीच ठेवला. डबा पुढं गंजला, मी कुंडी आणली. वाळू तीच आहे.

तुम्ही गेलात तेव्हा तुमची नात पाळण्यात होती. ती आता लातूरला वनस्पतिशास्त्र शिकते. दिवाळीच्या सुट्टीत आली तेव्हा भिंग घेऊन कुंडीपुढं बसली आणि आजीला शेजारी बसवून सांगत होती. मी पेपर वाचतोय असं दाखवून ऐकत होतो. आपल्या बांधावर फड्या निवडुंग असतो ना, त्याचंच हे बुटकं भावंड. फड्या माणसाच्या उंचीला जातो, हे वीतभरही उठत नाही, वाळूवर लोळत पसरतं. जे हिरवं दिसतं ते पान नाही, खोड आहे. पानं येतात, पण फक्त कोवळ्या तुकड्यावर, तांदळाच्या कणीएवढी, आणि लगेच गळतात. मग पानांचं सगळं काम खोडच करतं. काट्यांच्या बुडाशी तपकिरी कुसळांचा झुबका असतो. काटे निघतात, पण ती कुसळं बोटात राहतात आणि दिसत नाहीत. काट्याच्या टोकाला भिंगातून पाहिलं तर मागं वळलेले बारीक खवले दिसतात. मीही पाहिले. माशाच्या गळासारखे. मुळं खोल जात नाहीत, वरच्या वरच पसरतात, म्हणजे दोन शिंतोडे पडले तरी पिऊन घेता येतात. कोरड्या दिवसांत अंग सुरकुतून वाळूला चिकटून पडतं आणि मेल्यासारखं दिसतं. दिवसा ते श्वासाची भोकं बंद ठेवतं, पाणी उडू नये म्हणून, आणि रात्र पडली की उघडतं. आई म्हणाली, "म्हंजी दिसभर उपास आन् रातीला फराळ. रोजचाच प्रदोष की गं ह्येचा!" पोरगी हसून लोळली. पण मला ते पटलं. महादेवाच्या दारातून आलेल्या झाडाला हे शोभतं.

मग तिनं मुख्य गोष्ट सांगितली. याला वैशाखात पिवळं फूल येतं, एक दिवस टिकतं, पण बी-फळावर ते फार विसंबत नाही. दोन तुकड्यांमधला सांधाच कच्चा असतो. कुणाचा पाय लागला, कुणाचं वस्त्र घासलं, की तुकडा सुटतो, चिकटतो, आणि जिथं पडेल तिथं मूळ धरतो. समुद्रकाठच्या वाळूच्या टेकाडांवर लाटाही हे तुकडे उचलून दुसरीकडे टाकतात. "आजी, हे तुटण्यासाठीच बनलंय," ती म्हणाली. नेमकं नाव तिनं सांगितलं नाही, फूल बघून सांगेन म्हणाली. एवढंच म्हणाली, की निवडुंग जवळजवळ सगळे समुद्रापलीकडचे, जहाजांतून आलेले. रामेश्वरलाही ते कुणीतरी आणलेलंच असणार. मला वाटलं होतं आई दुखावेल. ती म्हणाली, "मग काय झालं? तिथं बी पाव्हणं, हितं बी पाव्हणं. पाव्हण्याला पाणी देयाचं का न्हाई?"

आणि तिनं दिलं. तुळशीला तांब्या, त्यातलंच उरलेलं याला. पोरीनं सांगूनही, मी सांगूनही. रोजच्या पाण्यानं ते फुगलं, कुंडीबाहेर ओघळलं, नि तुकडे गळायला लागले. तुळशीपुढं ती चप्पल घालत नाही. तुमच्यासमोरही कधी घातली नव्हती. देवाचं म्हणून तुम्ही ते झाड नेमकं अशा जागी ठेवलंत, जिथं आमच्या घरातलं प्रत्येक माणूस अनवाणी उभं राहतं. त्यात तुमची काही चूक होती असं मी म्हणत नाही. तेव्हा तिच्या पायांना काटा कळत होता.

मी काय काय केलं ते सांगतो. कुंडी गच्चीवर नेऊन ठेवली, तर दुसऱ्या दिवशी आई तांब्या घेऊन जिन्याच्या मध्यावर कठड्याला धरून उभी. खाली आणली. तिला मोजे आणून दिले, मोजे तिनं मुकाट घातले, आणि तुकडे मोज्यांना चिकटून देवघरापर्यंत आणि तिच्या अंथरुणापर्यंत आले. बायको म्हणाली, "आता काय झाडालाच मोजे घालता का?" कोपऱ्यावरच्या महादेवाच्या देवळात विचारलं. पुजाऱ्यानं हात जोडले. "साहेब, हितं लोकं अनवाणी येतात. तुम्हीच ठेवा तुमचा देव." शेवटी त्या सोमवारीच, आईच्या टाचेला मलम लावून, मी कुंडी पिशवीत घालून गोदावरीच्या घाटावर गेलो. आपल्यात देवाचं जुनं झालेलं काही टाकायचं म्हणजे नदीच. हात जोडले, पिशवी उघडली, आणि पायऱ्यांवर बायका होत्या. ओल्या लुगड्यांनी, भिजलेल्या अनवाणी पायांनी वर येत होत्या. पोरीचं बोलणं आठवलं. पाणी हे बुडवणार नव्हतं, पाणी हे पसरवणार होतं. खाली कुठंतरी, दुसऱ्या कुणाच्या तरी आईच्या वाटेवर. मी पिशवी बांधून परत आलो. ऑफिसला उशीर झाला. खुर्चीत बसलो तेव्हा वाटलं, आता उठूच नये.

मी थकलोय, नाना. आईचं औषध, आईचा पाय, सकाळची पूजा, ऑफिस, आणि संध्याकाळी परत तिचे तळवे बॅटरीनं तपासणं. तुमच्या हातचं एवढं एकच जिवंत काही उरलंय, म्हणून मी तेही सांभाळत होतो. पण त्या संध्याकाळी तळवे बघताना मनात स्पष्ट झालं, की दोन्ही सांभाळता येणार नाहीत.

तिच्या माघारी करायचं नाही, एवढं ठरवलं. दुसऱ्या दिवशी ती तुळशीपाशी बसलेली असताना मी समोर बसलो आणि म्हटलं, "आई, नानांचं झाड काढावं म्हणतो." ती तुळशीखालची वाळलेली पानं वेचत राहिली. मी म्हटलं, "पाय जाईल गं." ती म्हणाली, "पाय माझा हाय का तुझा?" मी म्हटलं, "तुझाच. पण धरून मीच बसतो ना रोज." मग ती बराच वेळ आपल्या पायाकडे बघत राहिली, जणू तो कुणी दुसऱ्यानं तिथं आणून ठेवलाय. "त्येनी काय आणलं होतं रे?" तिनं विचारलं. "झाड का वाळू?" मी म्हटलं, "वाळू." "मग वाळू टाकू नको." मी म्हटलं, "काशीला नेऊ का?" तर ती हसली. "आता कोण जातंय काशीला. तुळशीत घाल. पाणी मी घालीन."

गावाकडून सरपणाला आलेल्या तुराट्या न्हाणीच्या चुलीपाशी पडलेल्या होत्या. चिमट्यानं एकेक तुकडा उचलून मी आगीत घातला. ओलं झाड ते, आधी नुसतं सुसकारलं, मग काटे एकदम पेटून गेले आणि हिरवं अंग हळूहळू काळं पडलं. वाळू मी तव्यावर भाजली, पिठाच्या चाळणीनं चाळली, पुन्हा चाळली, आणि वृंदावनात पसरली. चुलीवर पाणी तापलंच होतं. त्याच पाण्यानं आईचे पाय धुतले, बोटांच्या बेचक्या कोरड्या केल्या. ती म्हणाली, "ऊन हाय का रे पाणी?" मी आधी माझा हात घालून पाहिलं होतं. म्हटलं, "कोमट आहे."

हे सगळं लिहून आईला वाचून दाखवावं असं आधी वाटलं होतं, पण दाखवणार नाही, कारण पुढचं तिला ठाऊक नाही. त्या दिवशी ऑफिसला निघताना शर्टाच्या बाहीला एक तुकडा चिकटलेला दिसला. झटकायला हात गेला, आणि तुमचा आवाज आला. मी आत जाऊन फणी घेतली, ती लाकडी फणी अजून आहे, आणि तुमच्यासारखाच अलगद सोडवला. मग मी तो काडेपेटीत घातला आणि देवघराच्या फळीवर, मागं, ठेवून दिला. रोज पूजेला बसलो की देवाकडे कमी आणि काडेपेटीकडे जास्त लक्ष जाई. पाण्याचा थेंब नाही, उजेड नाही, आणि काल उघडून पाहिलं तर त्याला पांढरं मूळ फुटलं होतं. बारीक, दोऱ्याएवढं. मला फार आनंद झाला, नाना. खोटं कशाला सांगू. मग दारातून आई दिसली, तुळशीपुढं, अनवाणी, हात जोडून उभी.

आज सकाळी चूल पेटवली तेव्हा सगळ्यांत आधी ती काडेपेटी आत घातली, न उघडता. मग आईचं पाणी ठेवलं.