काटा साडेसहावर होता

ता. चामोर्शी, जि. गडचिरोली
दि. २२ मे

सन्माननीय प्रणितभाऊजी यांना अंकुशचा नमस्कार.

(“भाऊजी” लिहावे की नुसते “प्रणितराव”, यावर मी सकाळपासून दोन कागद खराब केले. माझी बहीण करिश्मा हिचे आपल्याशी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झाले असे धरले तर आपण माझे भाऊजी आहात. आपल्या मामांच्या म्हणण्याप्रमाणे ते झालेच नाही असे धरले तर आपण ब्रह्मपुरीचे एक अनोळखी गृहस्थ आहात. अनोळखी गृहस्थावर मला एवढे रागावता येणार नाही, म्हणून भाऊजी.)

पत्राच्या सुरुवातीला इकडील मंडळी मजेत आहेत असे लिहायचे असते. इकडील मंडळी मजेत नाहीत. आई माझ्याशी फक्त जेवायला बोलावण्यापुरती बोलते, बाबा तेवढेही बोलत नाहीत, आणि करिश्मा बोलते, पण आपला विषय निघाला की उठून कपडे वाळत घालायला जाते (कपडे आधीच वाळलेले असले तरी). आपल्या आईंचा गुडघा कसा आहे? एवढ्या उन्हात त्यांना जीपने नेले-आणले याचे मला मनापासून वाईट वाटते. आपल्या पोटाची चौकशी करत नाही, कारण आपण पहिल्या पंगतीत बसला होतात आणि आपल्याला शिजलेला भात मिळाला. फोनची प्रकृती मात्र विचारतो. चार दिवसांत मी अकरा वेळा लावला आणि अकराही वेळा तो पूर्ण वाजून थांबला. म्हणून पत्र. शिवाय मोबाइलवर लिहायला घेतले की तो माझे शब्द स्वतःच पूर्ण करतो, आणि रागाचे शब्द माझे मलाच पूर्ण करायचे आहेत.

फेब्रुवारीत आपण करिश्माला पाहायला आलात, तेव्हा मुलीच्या भावाने मुलाजवळ बसायचे म्हणून मी बसलो. आपण विचारले, काय करता. मी सांगितले की लग्नकार्याला मांडव-भांडी भाड्याने देणाऱ्या चामोर्शीच्या बिछायत केंद्रात भट्ट्या, सिलिंडर आणि मोठी गंजे-पातेली माझ्या ताब्यात असतात. यावर आधीच्या स्थळांचे लोक “अच्छा” म्हणून पोह्यांकडे पाहायचे. आपण म्हणालात की मग आपण दोघे एकाच धंद्यातले. आपण नागपूरला शुद्ध द्रव्यांच्या अवस्था-समीकरणांवर प्रबंध लिहीत आहात, म्हणजे एखादे द्रव्य इतक्या तापमानाला इतक्या जागेत कोंडले तर त्याचा दाब किती राहील, ते द्रव राहील की वाफ होईल, हे कागदावर काढायचे, असे आपण मला समजावून सांगितले. भाऊजी, मी बारावी विज्ञान शाखेत दोनदा नापास झालेला माणूस आहे. मला आजवर कोणी एवढे नीट समजावले नव्हते. मी आत जाऊन आईला सांगितले की मुलगा चांगला आहे. मला कोणी विचारलेही नव्हते. हे स्थळ जुळण्यात माझा केवढा मोठा वाटा आहे हे आठवले की हल्ली मला जेवण जात नाही.

मग मी माझी अडचण सांगितली. सिलिंडरमध्ये गॅस किती उरला ते बाहेरून कळत नाही आणि तो नेमका पंगतीच्या वेळी संपतो. आपण खिशातला पेन काढून लिहून दिले: पीव्ही बरोबर एनआरटी. सिलिंडरची जागा तीच, तापमान तेच, म्हणजे दाब अर्धा झाला की गॅस अर्धा. मीटर बसवा, काटा पाहा, झाले. मी विचारले (मी विचारले होते, हे कृपया आठवावे) की आपल्या प्रबंधात तर व्हॅन डर वाल्स यांचे मोठे समीकरण आहे, त्यात रेणू जागा अडवतात आणि एकमेकांना ओढतात हेही धरलेले आहे, मग ते का नाही? त्या समीकरणाला एकाच दाबाला जागेची तीन उत्तरे येतात, सगळ्यात लहान ते द्रवाचे, सगळ्यात मोठे ते वाफेचे आणि मधल्याला काही अर्थ नसतो, हेही आपणच सांगितले होते. (ते मधले उत्तर मला आपल्या मध्यस्थांसारखे वाटले होते. दोन्ही घरी हजर, चहा दोन्हीकडे, अर्थ कुठेच नाही.) यावर आपण हसलात आणि म्हणालात, “त्याचं तुमाले काय काम? इथी साधं पुरते.”

हे वाक्य मी आपुलकीचे समजलो होतो.

मी मीटर बसवला. नऊ कार्यक्रमांत सेहेचाळीस नोंदी घेतल्या, वेळ, तापमान आणि दाब यांच्यासाठी वेगवेगळे रकाने आखून. सकाळी काटा साडेपाचवर असायचा, मग चारशे पुऱ्या तळून व्हायच्या आणि दुपारी दोनला काटा आठवर. म्हणजे स्वयंपाक करून गॅस वाढला होता. मी आपल्याला फोन केला (तेव्हा आपण फोन उचलत होतात). आपण म्हणालात की ऊन आहे, तापमानाची दुरुस्ती करून घ्या. मी दोनशे त्र्याहत्तर मिळवून, हवेचा दाबही धरून, रीतसर दुरुस्ती केली. तरी गॅस जवळजवळ तीस टक्क्यांनी वाढतच होता. याउलट मोठी भट्टी जोरात लावली की सिलिंडर गार पडायचा, त्याला बाहेरून घाम फुटायचा आणि काटा खाली यायचा. मी तो रिकामा समजून बाजूला काढायचो आणि तासाभराने काटा पुन्हा वर. आमचे आचारी मुखरूभाऊ सगळ्यांसमोर म्हणाले, “अंकुश, तुया सिलिंडर आराम करून राह्यला.” लोक हसले. मी रात्री सगळे गुणाकार पुन्हा तपासले. नापास झालेल्या माणसाचे हेच नुकसान असते, उत्तर विचित्र आले की तो आधी स्वतःवर संशय घेतो. समीकरण लिहून देणाऱ्यावर घ्यावा हे त्याला सुचत नाही.

आता अठरा तारखेचे. तीनशे पाने होती. आमच्या घराण्यात शेवटच्या पंगतीला मुलाकडचा सगळ्यात मोठा माणूस आणि मुलीचा बाप शेजारी बसतात, एकमेकांच्या पानावर भात वाढतात, आणि तो भात खाल्ला की साक्षगंध पुरे झाले असे धरतात. अंगठी, साडी, नारळ हे सगळे त्याच्या आधीचे. आपले वडील नाहीत, म्हणून आपल्याला वाढवणारे आपले मामा, वरोऱ्याचे गुणवंतराव, बाबांशेजारी बसायचे होते. दोन सिलिंडर भाजी, वरण आणि जिलेबीत संपले. शेवटच्या भातासाठी तिसरा लावला, काटा साडेसहावर. तेवढ्या तापमानाला भरलेल्या सिलिंडरचा काटा सातवर असतो. म्हणजे त्र्याण्णव टक्के. मुखरूभाऊ म्हणत होते की जीप पाठवून आणखी एक आणून ठेवा. मी त्यांना काटा दाखवला आणि जीप मठ्ठ्यासाठी बर्फ आणायला पाठवली.

आधण आले, तांदूळ पडले, दहा मिनिटे झाली आणि ज्योत खाली बसली. काटा तेव्हाही सहावर होता. मी काट्याकडे पाहत होतो आणि मुखरूभाऊ ज्योतीकडे पाहत होते, म्हणून त्यांना माझ्या आधी कळले. मग दोन मिनिटांत काटा सहावरून शून्यावर आला. मागच्या अंगणात चूल मांडली, सरपण आणले, धूर झाला, पण अर्धा शिजून बसलेला भात पुन्हा उकळी धरेना. मामा पानावर तासभर बसून होते. (ते उपाशी उठले असे वरोऱ्यात सांगतात, ते खरे नाही. त्यांनी आलू-वांग्याच्या भाजीबरोबर सात जिलेब्या खाल्ल्या. त्यांचा राग हाही एक कोंडलेला वायूच आहे, झाकण कोणी उघडावे एवढीच वाट असते. हे आपल्यातच ठेवावे.) शेवटी ते उठले आणि बाबांना म्हणाले, “पोरीच्या घरी भात शिजत नाई, अन् आमी सोयरीक करून राह्यलो.” बाबा हात जोडून उभे होते. करिश्मा नवी साडी नेसून दारात उभी होती.

आणि आपण? आपण भट्टीजवळ आलात, मीटरकडे पाहिले, आणि आपल्याला सगळे कळले. कळल्याचे मी आपल्या तोंडावर पाहिले, भाऊजी. एक वाक्य पुरेसे होते, की मामा, हे पोराचं चुकलं नाही, मीच त्याला तसं सांगितलं होतं. आपण मांडवाच्या दोरीची गाठ नीट आहे का ते पाहिले आणि जाऊन जीपमध्ये बसलात.

त्या दिवसापासून मी अभ्यास करतो आहे. आपण मला मार्चमध्ये प्रबंधातली एक आकृती पाठवली होती, मी ती कौतुकाने छापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती. तिच्यात मधोमध एक सरळ आडवी रेघ आहे. तिचा अर्थ असा की द्रव आणि वाफ एका भांड्यात सोबत आहेत तोपर्यंत दाब फक्त तापमानावर ठरतो, द्रव किती उरला यावर नाही. घागरभर असो की वाटीभर, काटा तोच. शेवटचा थेंब संपला की मग दाब पडतो, आणि मगच आपले पीव्ही बरोबर एनआरटी कामाला येते, म्हणजे गॅस संपल्यावर. (आपला गॅस शुद्ध नसून मिश्रण आहे, त्यामुळे रेघ जराशी तिरपी होते, हे मला आता माहीत आहे. फोनवर हे उत्तर द्यायची तयारी केली असेल तर वाचवा.) मी आपल्या साध्या समीकरणाने एकोणीस किलोचा भरलेला सिलिंडरही सोडवून पाहिला. दाब दोनशेच्या वर येतो. माझा मीटर चौदापर्यंतच आहे. आपण हे एकदा जरी सोडवून पाहिले असते तरी पोहे संपायच्या आत कळले असते की हे इथे चालत नाही.

पण आपण सोडवले नाही, कारण सोडवण्याची गरज वाटली नाही. आपल्याजवळ दोन समीकरणे होती. खरे आपल्या प्रबंधासाठी ठेवले आणि साधे होणाऱ्या साळ्याला दिले. मला राग भात कच्चा राहिल्याचा नाही. मला मोठे समीकरण झेपले नसते हे आपण परस्पर ठरवले, याचा आहे. झेपले, भाऊजी. चार दिवस लागले, पण झेपले.

आपल्या आईंना नमस्कार सांगावा. रागाच्या भरात काही कमी-जास्त लिहिले असेल तर ते कमीच लिहिले आहे असे समजावे.

आपला होणारा (किंवा न होणारा) साळा,
अंकुश

ता. क. : काम असे की आपण मामांना स्वतःच्या अक्षरात पत्र लिहावे, की समीकरण आपले होते, अंकुशने सांगितले तसेच केले, आणि मुलीच्या घरी भात शिजतो. आपला वेळ जाऊ नये म्हणून मजकूर मी लिहून सोबत जोडला आहे. सही तेवढी करावी. मामांचा निरोप मध्यस्थांकडून आला आहे की महिनाअखेरपर्यंत ते दुसरे स्थळ पाहतील.

ता. क. दुसरा : त्या पत्रात एक गोष्ट घालू नये. त्या दिवशी भात चढवण्याआधी आई ओले फडके घेऊन आली होती आणि तिने तिसरा सिलिंडर वरपासून खालपर्यंत पुसला. वरचे लगेच वाळले, खाली चार बोटांची पट्टी ओलीच राहिली. (आत द्रव असतो तिथला पत्रा लवकर तापत नाही, म्हणून. हेही मला आता कळते.) आई म्हणाली, “चार बोटं हाय, बापा. एवढ्यात भात नाई होत.” मी तिला मुखरूभाऊंसमोर म्हणालो की आई, तुझे फडके शास्त्रात बसत नाही, तू आत जा. ती आत गेली. मुखरूभाऊ कोणाला सांगणार नाहीत. आपणही सांगू नये.

ता. क. तिसरा : मी पाकीट आणायला दुकानात गेलो तेवढ्यात करिश्माने हे पत्र वाचले, दोन्ही ता. क. सकट सगळ्या पानांचे फोटो काढले आणि गुणवंतराव मामांच्या मोबाइलवर पाठवले. जिलेब्यांचे पानही गेले. मी ओरडलो. ती शांतपणे म्हणाली, “एक जण आईले चूप करते, एक जण मामाले भेते. मी कोनाच्या भरोशावर जाऊ?” वीस मिनिटांनी मामांचे उत्तर आले, ते जसेच्या तसे उतरवतो: “रविवारी येतो. पोट्ट्याले आणतो. तो सोता सगळ्यासमोर बोलन तर जेवतो. नाई तर त्याले परत नेतो.” करिश्माने त्यावर “बरं” एवढेच पाठवले, आणि मला सांगितले की तिचेही म्हणणे तेच आहे.

तेव्हा सोबतचा मजकूर फाडून टाकावा, त्याचा आता उपयोग नाही. पत्र रविवारच्या आधी मिळावे म्हणून ब्रह्मपुरीच्या जीपवाल्याजवळ देत आहे. आई आत तांदूळ निवडते आहे. मी आता तिच्याकडे जातो, आज माझी पाळी. रविवारी आपली.